शॉकअप गाडीचा आणि आपला

मागच्या दिवाळीत आत्याचा नातू मुंबईहून आला तो नवी गाडी घेऊन. दोन दारांची, बुटकी, रुंद टायरची स्पोर्ट्स कूपे. आमच्या पिढीला कूपे म्हटलं की रेल्वेचा पहिला वर्ग आठवतो, त्यामुळे मी आधी गोंधळलोच. घोलवडच्या चिकूवाडीत ती गाडी उभी राहिली आणि फराळ सोडून सगळी मुलं तिच्याभोवती जमली.

"काका, डिसेंबरात ताईचं लग्न ठाण्याला आहे ना, आजीला मी ह्या गाडीतून नेणार. हिला ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन आहे. खड्डा आला तरी कळत नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

एरवी मी लगेच हो म्हटलं असतं. पण आत्याच्या पाठीचा विषय निघाला की मी जरा जपूनच बोलतो. त्याला कारण आहे, आणि ते माझ्याच चुकीचं आहे.

आत्याचा मणका

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आत्या तेव्हा ७४ वर्षांची होती. एका बसमध्ये तिला सगळ्यात मागच्या बाकावर जागा मिळाली. रंग उडालेला गतिरोधक ड्रायव्हरला दिसला नाही. आत्या बाकावरून वीतभर वर उडाली आणि धप्पकन खाली बसली. संध्याकाळी माझ्याकडे आली ती कंबर धरून. मी पाठ दाबून पाहिली, पायातली ताकद तपासली, सगळं ठीक वाटलं. "मुका मार आहे आत्या, चार दिवसांत बरं वाटेल," असं सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या.

चार दिवसांत बरं वाटलं नाही. आत्या तक्रार करणाऱ्यातली नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलंही नाही. बाराव्या दिवशी मी सहज घरी गेलो, तर कॉटवरून उठताना तिला दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागत होता. तेव्हा एक्स-रे काढला. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबला होता. त्याला कॉम्प्रेशन फ्रॅक्चर म्हणतात. हाडं ठिसूळ झाली होती. बसचा धक्का हे फक्त निमित्त होतं.

साठीनंतरच्या बाईला धक्क्यानंतर अचानक पाठदुखी सुरू झाली तर एक्स-रे काढायचा, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी घरच्या माणसाच्या बाबतीत मी ते केलं नाही. मणक्याची अशी बरीचशी फ्रॅक्चर 'वयाची पाठदुखी' म्हणून तशीच राहून जातात. आत्याचं बारा दिवसांनी का होईना, कळलं. हाडांसाठी औषध, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं. दुखणं पूर्ण थांबायला तीन महिने लागले.

तर आता प्रश्न होता तो ह्या आत्याला ह्या गाडीतून न्यायचं का, हा. मी म्हटलं, "आधी मला बसवून बघ."

डहाणू ते तलासरी

दर बुधवारी मी पेशंट पाहायला तलासरीला जातो. त्या बुधवारी नातवाच्या गाडीतून गेलो. आशागड, गंजाड करत चारोटीपर्यंतचा रस्ता आणि पुढे हायवे. हा रस्ता माझ्या पाठीला पाठ आहे.

मला खरोखर आश्चर्य वाटलं. गाडी इतकी बुटकी, टायरची रबरी कड इतकी पातळ, म्हणजे दणके बसणारच अशी माझी खात्री होती. पण 'कम्फर्ट'चं बटण दाबलेलं असताना डांबराचे उंचवटे पायाखालच्या चटईसारखे निघून गेले. मग त्याने 'स्पोर्ट' लावलं. तोच रस्ता, तोच वेग, पण आता प्रत्येक खडा मोजता येत होता. पुन्हा बटण, पुन्हा शांत. हे होतं कसं, ते त्याला विचारत गेलो.

गाडीच्या चाकाशी दोन वस्तू असतात. एक स्प्रिंग, दुसरा शॉकअप. धक्का झेलते स्प्रिंग, पण ती तो साठवून परत करते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी उसळतच राहील. तिला शांत करायचं काम शॉकअपचं. त्यात तेल असतं. ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. साध्या गाडीत ही छिद्रं कायमची ठरलेली असतात. शॉकअप मऊ ठेवला तर वळणावर गाडी डोलते, कडक ठेवला तर खड्ड्यात दणका बसतो. कंपनीला मधलं काहीतरी निवडावं लागतं, आणि वेगात वळणं घेण्यासाठी बनवलेल्या स्पोर्ट्स कूपेत ती निवड नेहमी कडकपणाकडे झुकते.

ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शनमध्ये ही निवड चालत्या गाडीत होते. चाक किती वर-खाली झालं, गाडीचं अंग किती हललं, हे सेन्सर सतत मोजतात आणि काही मिलिसेकंदांत शॉकअपमधली झडप कमी-जास्त उघडते. एका प्रकारात तर झडपही नसते. तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात, विजेने चुंबकत्व दिलं की ते ओळीत उभे राहतात आणि तेल क्षणात दाट होतं. हे तंत्र २००२ मध्ये कॅडिलॅकच्या एका गाडीत पहिल्यांदा आलं. पुढे ऑडीच्या टीटी कूपेतही होतं.

मात्र ह्या सगळ्याला मर्यादा आहे. शॉकअप बदलतो, गाडीची उंची आणि टायरची पातळ कड तीच राहते. गंजाडच्या पुढे एका गतिरोधकावर पोट घासू नये म्हणून नातवाने गाडी तिरकी करून, गोगलगाईसारखी नेली. आत्याला उडवणारा गतिरोधकही बसने ह्या वेगाने ओलांडला असता तर काहीच झालं नसतं. वेग कमी करणं हे सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन आहे. ते सगळ्या गाड्यांत येतं.

धक्का किती, यापेक्षा कुठल्या तालाचा

झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. लय चुकली तर जोर लावूनही जात नाही. आपल्या शरीरालाही अशी लय आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनाला सगळ्यात जास्त साथ देतो. म्हणजे सीटचा हादरा कण्यात पोचेपर्यंत कमी होण्याऐवजी वाढतो. त्यात पाठीचे स्नायू एका हादऱ्याला प्रतिसाद देईपर्यंत पुढचा हादरा आलेला असतो, म्हणून ते दमतात आणि आखडतात.

आरामशीर मोटार आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला एक-सव्वा वेळा डोलते. चालताना शरीर वर-खाली होतं त्याच्या जवळपासची ही लय, म्हणून ती सुखाची वाटते. कडक स्प्रिंगची स्पोर्ट्स गाडी ह्याहून जलद हलते, कण्याच्या लयीच्या दिशेने सरकते. बैलगाडीला स्प्रिंगच नाही, त्यामुळे सगळंच थेट वर येतं. उलट, फार मऊ गाडीत पाच-सहा सेकंदांना एक असे संथ हेलकावे बसले की पाठ दुखत नाही, पण मळमळतं. 'गाडी लागते' ती अशा संथ हालचालींनी, वळणांनी आणि ब्रेकनी.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी आणि तलासरी भागात भूकंपाचे छोटे-छोटे धक्के बसू लागले, तेव्हा कित्येक कुटुंबं घराबाहेर झोपत होती. तिकडचे पेशंट मला सांगत, "डॉक्टर, एखाद्या धक्क्याला भांडी पडतात, एखाद्याला नुसत्या खिडक्या वाजतात." ज्या वस्तूची लय जुळते, ती हलते. कण्याचंही तसंच.

आपल्याला जन्मतः मिळालेले शॉकअप

एसटीतला कंडक्टर कधी नीट पाहिलाय? चालत्या गाडीत उभा राहून तिकिटं फाडतो, पैसे मोजतो, पण पडत नाही. त्याचे गुडघे किंचित सैल असतात. पावलाची कमान, घोटा, गुडघा, खुबा, कण्याची वळणं आणि मणक्यांमधल्या गाद्या हे सगळं मिळून त्याचं ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन आहे.

आपण बसतो तेव्हा त्यातला निम्मा भाग बंद पडतो. पाय कामातून जातात आणि धक्का ढुंगणाच्या हाडांतून सरळ कण्यात येतो. त्यात मागची सीट चाकांच्या धुऱ्याच्याही मागे असेल, तर सी-सॉच्या टोकावर बसल्यासारखं ते टोक जास्त उडतं. आत्याच्या बाबतीत हेच झालं.

दुसरी गोष्ट मणक्यांमधल्या गाद्यांची. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. आजूबाजूच्या हाडांतून पोषण तिच्यात झिरपतं आणि शरीराच्या हालचालीने त्याला मदत होते. स्वीडनचे सर्जन आल्फ नाकेम्सन यांनी १९६० च्या दशकात गादीत सुई घालून दाब मोजला होता. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. नंतरच्या मोजमापांत हा फरक तितका मोठा दिसला नाही. पण पोक काढून बसलं की दाब वाढतो, हे कायम राहिलं.

त्या दिवशी तलासरीला उतरताना हे माझ्या अंगावर आलं. रस्ताभर एक धक्का लागला नव्हता. तरी कंबर धरली होती, कारण सीट इतकी खाली की पाय पुढे लांब पसरलेले, माकडहाडाचा भाग पुढे घसरलेला आणि पाठ कमानीसारखी वाकलेली. वर गाडी इतकी सुखाची की मी तासभर कूससुद्धा बदलली नाही. बाहेर पडताना एक पाय बाहेर, एक आत, हात दाराच्या चौकटीवर, अंग वाकवून आणि पिळून, 'आई गं' म्हणत उठलो. नातू हसला. मी हसलो नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर त्या जागी आत्या होती. ठिसूळ मणक्याला सगळ्यात वाईट काय, तर वाकणं आणि पिळणं एकदम.

टेम्पोवाल्याचं शहाणपण

त्याच दिवशी तलासरीत माझा एक जुना पेशंट आला. चिकूचा टेम्पो चालवतो. त्याला विचारलं, पाठ कधी जास्त दुखते? तो म्हणाला, "माल भरलेला असताना नाही डॉक्टर. रिकामा परत येताना." बरोबर आहे. टेम्पोचे पाटे भरलेल्या वजनासाठी बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत ते कडक पडतात आणि गाडी आदळत येते. ह्या माणसाला कुठलंही बटण मिळालेलं नाही, पण तो रिकाम्या फेरीत वेग कमी ठेवतो, टायरची हवा प्रमाणात ठेवतो आणि चहाला थांबतो तेव्हा चार पावलं चालतो.

ड्रायव्हरचं काम आणि कंबरदुखी यांचा संबंध जुना आहे. जेनिफर केल्सी यांच्या १९७५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात, कामाचा निम्मा किंवा जास्त वेळ गाडी चालवणाऱ्या पुरुषांत गादी सरकण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट आढळलं. युरोपात कामगारांना बसणाऱ्या हादऱ्यांवर मर्यादा घालणारा निर्देश २००२ मध्ये मंजूर झाला. पण दुसरी बाजूही सांगतो. त्याच वर्षी फिनलंडमधल्या ४५ एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीत एकाने आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा खूप जास्त गाडी चालवली होती. एमआरआयमध्ये दोघांच्या गाद्यांच्या झिजेत फरक दिसला नाही.

याचा अर्थ असा, की ड्रायव्हरची पाठ दुखते हे खरं, पण 'रस्त्याने माझा मणका संपवला' असं घाबरून जायचं कारण नाही. बहुतेक वेळा दुखतात ते दमलेले, आखडलेले स्नायू आणि सांधे. ते चालण्याने, व्यायामाने आणि सवयी बदलण्याने सुधारतात.

सुख म्हणजे सुरक्षा नाही

परतीच्या वाटेवर नातवाला एक गोष्ट दाखवली. हायवेवर मला वाटत होतं ७०, काटा होता १०० च्या पुढे. धक्का हा शरीराला वेगाचा निरोप असतो. गाडी जितकी गुळगुळीत, तितका तो निरोप कमी पोचतो. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले जहांगीर पंडोल गेले. गाडी महागडी होती. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. ह्या भागात राहणाऱ्यांनी हे विसरू नये. शॉकअप खड्डा झेलतो, टक्कर झेलत नाही. ते काम पट्ट्याचं आहे, पुढच्या सीटवर आणि मागच्याही.

आत्या लग्नाला गेली कशी

नातवाला मी सांगितलं, "तुझ्या गाडीची चाल उत्तम. पण आजीला तिच्यात शिरता यायचं नाही, आणि शिरली तर निघता यायचं नाही." तो थोडा हिरमुसला. आत्या ऐकत होती. म्हणाली, "अरे बाबू, मला काय खड्ड्यात झोपायचंय? थांबत थांबत नेलंत तर बैलगाडीतूनही येईन."

शेवटी ती शेजाऱ्यांच्या उंच सीटच्या साध्या जुन्या गाडीतून गेली. नातवाने आपली कूपे वाडीत ठेवली आणि ती गाडी स्वतः चालवली. आत्या पुढे, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल, पट्टा लावलेला. मनोरला एकदा आणि पुढे आणखी एकदा उतरून पाच मिनिटं चालणं. एरवीपेक्षा पाऊण तास जास्त लागला. लग्नात ती विहिणींच्या पंगतीत शेवटपर्यंत ताठ बसली होती.

एवढं लक्षात ठेवा

- वयस्कर माणसांना बसच्या किंवा जीपच्या शेवटच्या बाकावर बसवू नका. पुढची किंवा दोन चाकांच्या मधली जागा द्या.
- सीट अशी हवी की खुबा गुडघ्याच्या पातळीत किंवा किंचित वर राहील. कमरेच्या खोलगट भागामागे छोटा टॉवेल ठेवा.
- तास-दीड तासाने उतरून पाच मिनिटं चाला. गाडी आरामशीर असेल तर हे जास्त आठवणीने करा.
- लांबच्या प्रवासानंतर लगेच वाकून जड सामान उचलू नका. आधी थोडं चाला, मग डिकी उघडा.
- उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर काढा, मग उठा. अंग पिळू नका.
- साठीनंतर, किंवा पाळी गेलेल्या बाईला, धक्क्यानंतर पाठीत अचानक तीव्र दुखू लागलं तर एक्स-रे काढून घ्या. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही आणि दुखणं राहिलं, तर पुन्हा दाखवा. हाडांची घनता तपासण्याबद्दलही विचारा.
- पायात ताकद कमी वाटणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा येणं, ताप किंवा वजन घटण्यासोबत पाठदुखी, यापैकी काहीही असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आणि घरातलं म्हातारं माणूस दुसऱ्यांदा तक्रार करत नसेल, तर आपण दुसऱ्यांदा विचारा. मी विचारलं नव्हतं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या दुखण्यासाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)